हिरडा वाजला पाहिजे
(उपकारस्मरणाच्या उपासनेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाळकसाहेब, वडीलजन आणि प्रिय बंधुभगिनींनो, आज आपण देवापुढे धान्य, भाज्या आणि फळे आणली आहेत. मी एक मूठ बाळहिरडा आणला आहे. दिसायला काळा, सुरकुतलेला, चवीला तुरट. आपल्यापैकी अनेकांच्या घरी त्रिफळा चूर्ण असते. हिरडा, बेहडा आणि आवळा ही त्यातली तीन फळे. त्याच हिरड्याच्या झाडाचे हे कोवळे फळ. ते कोणाच्या हातून येते, हे आपण क्वचितच विचारतो.

पुणे जिल्ह्यात आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या डोंगरांत महादेव कोळी बांधवांची गावे आहेत. तिथे भात पिकतो, तोही पावसाच्या भरवशावर. उन्हाळ्यात आठळी कठीण होण्याआधी हिरड्याची कोवळी फळे उतरवून वाळवतात. पिकलेल्या हिरड्यापेक्षा बाळहिरड्याला भाव जास्त मिळतो. पेरणीचा खर्च आणि मुलांच्या वह्यापुस्तके यातूनच भागतात. त्यासाठी माणसे उंच झाडांवर चढतात. पाय घसरला तर घर उघड्यावर पडते.

आता माझी चूक सांगते. कामाच्या पहिल्या वर्षी मी शहरातला एक खरेदीदार शोधला. गावातल्या व्यापाऱ्यापेक्षा किलोमागे जास्त देणार होता. मला फार आनंद झाला. ठरलेल्या दिवशी टेम्पो आला. एका आजींनी ओंजळभर हिरडा हातात घेऊन कानाशी हलवला आणि म्हणाल्या, "ताई, अजून वाजत नाही गं. दोन उन्हं दे त्याला." मी म्हटले, "आजी, गाडी परत जाईल." पोती शिवली, माल गेला. आठवड्याने निरोप आला : आतून बुरशी धरली आहे, माल नाकारला. पंधरा बायकांची मेहनत माझ्या घाईमुळे वाया गेली.

मी आजींकडे माफी मागायला गेले. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "पोरी, तुला शिकलेलं येतं, मला हिरडा येतो. दोघी मिळून करू."

तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला : हिरडा वाजल्याशिवाय पोते शिवायचे नाही. फळे जमिनीवर न पसरता ताडपत्रीवर वाळवायची. संध्याकाळी गोळा करून झाकायची, कारण वळवाची एक सर महिन्याची मजुरी नेते. खरेदीदाराचा भाव आधी फळ्यावर लिहायचा आणि वजन सर्वांसमोर करायचे. झाडावर थोडी फळे पिकायला ठेवायची, म्हणजे बी पडेल आणि पुढच्या पिढीला झाड मिळेल.

सगळेच आपल्या हातात नसते. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा या डोंगरांतल्या हिरड्याच्या झाडांचेही नुकसान झाले. हिरड्याचे झाड वर्षभरात पुन्हा उभे राहत नाही.

बंधुभगिनींनो, लेवीयाच्या 19 व्या अध्यायात देव आपल्या लोकांना वजनमापात अन्याय करू नका असे बजावतो. अनुवादाच्या 24 व्या अध्यायात जैतुनाच्या फांद्या दुसऱ्यांदा न झोडता उरलेली फळे परक्यासाठी, अनाथासाठी आणि विधवेसाठी सोडायला सांगतो. मी हे वचन धर्मशास्त्राच्या वर्गात शिकले; पण त्याचा अर्थ मला हिरड्याच्या झाडाखाली कळला. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपजावर आदिवासींचा हक्क मान्य केला आहे. त्यांना आपली दया नको, खरा काटा आणि रास्त भाव हवा.

म्हणून माझी विनंती लहान आहे. पुढच्या उन्हाळ्याआधी ज्यांना जमेल त्यांनी एक ताडपत्री द्यावी. आणि चूर्ण विकत घेताना दुकानदाराला एकदा तरी विचारावे, हा हिरडा कुठला? विचारणारे वाढले, की सांगणारेही वाढतील.

आता ही मूठ मी इथे ठेवते. उपासनेनंतर जरूर हातात घ्या आणि कानाशी हलवून पाहा. हा वाजतो.

देव आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.