फुगडी आणि झुंबा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही व्याख्याती नव्हे. सातवीपर्यंत शिकले, पुढे चूल आणि शेत. पण चिटणीसबाईंनी आग्रहच धरला की, संध्याकाळी आपल्या सभागृहात जो नाचाच्या व्यायामाचा वर्ग चालतो, त्याविषयी तुम्हीच बोला. कारण त्या वर्गाला सर्वांत आधी नावे ठेवणारी मीच. तेव्हा ते आधी कबूल करून टाकते.

वर्ग सुरू झाला त्या दिवशी मी खिडकीतून पाहिले. गाणे मोठ्याने लागलेले, आणि पेठेतल्या नि कसब्यातल्या लेकीसुना ओढण्या कमरेला बांधून हातवारे करीत होत्या. एक अंगाने भरलेली बाई धापा टाकीत होती. मला हसू आले. घरी येऊन चारजणींना रंगवून सांगितले. ते फिरत फिरत तिच्या सासरच्यांच्या कानी गेले आणि तिचे येणे बंद झाले.

पुढे दोनच महिन्यांत माझ्या रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. पण बाईमाणसाने चालावे कुठे? मोठ्या रस्त्याने जळगाव-अजिंठ्याची वाहने सुसाट धावतात, आणि गल्लीतून निघावे तर ‘कुठे चालल्या?’ याचे उत्तर दहा ओट्यांवर द्यावे लागते. शेवटी निमूटपणे त्याच वर्गात गेले.

या प्रकाराला झुंबा म्हणतात. तो निघाला दूर कोलंबिया देशात. तिथल्या काली शहरात बेतो पेरेझ नावाचा शिक्षक व्यायाम शिकवी. एके दिवशी व्यायामाच्या गाण्यांची कॅसेट तो घरी विसरला, म्हणून जवळ होत्या त्या नाचाच्या कॅसेटी लावून त्याने वर्ग निभावला. बायांना तेच आवडले! पुढे अमेरिकेत जाऊन २००१ साली दोन भागीदारांसह त्याने त्याचा धंदाच उभा केला. आपल्याकडे गाणी हिंदी-मराठी लावतात, एवढाच फरक.

पण पहिल्याच आठवड्यात माझ्या ध्यानात आले की, हे पायांना ओळखीचे आहे. आखाजीला माहेरी गेलो की निंबाला झोके बांधलेले असत, आणि अंगणात रात्री उशिरापर्यंत फुगडी, झिम्मा चाले. गुलाबाईच्या दिवसांत टिपऱ्या असतच. फुगडीत दोघी मागे रेलतात, सारा भार हातांवर आणि टाचांवर तोलतात. बसफुगडीत तर उकिडवे बसून एकेक पाय पुढे टाकायचा. वर्गातल्या बाई ज्याला स्क्वॉट म्हणतात, त्याहून ते अवघड. आम्ही ते हसत हसत करत होतो, आणि कोणी त्याला थिल्लर म्हटले नाही.

मग दळणाची गिरणी आली, नळ आला, गॅस, मिक्सर आला. ते बरेच झाले, माझ्या आजीच्या तळहाताचे घट्टे मी पाहिले आहेत. पण कष्टाबरोबर खेळही गेला. माझ्या लेकीने वाचून दाखवले की, २०२२ सालच्या हिशेबाने भारतातल्या शंभर प्रौढ बायांपैकी ५७ जणींची पुरेशी हालचाल होत नाही, पुरुषांत ४२ जणांची. निंदणीला, कापूस वेचायला जाणारीला हे कोण म्हणेल? पण आपण ओट्यापुढे दिवसभर उभ्या राहतो, त्याने दम लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते, आणि दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असे काही. मध्यम म्हणजे, बोलता यावे पण गाता येऊ नये. काम करणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो, हे मला डॉक्टरांनी समजावले.

एक गोष्ट दबक्या आवाजात सांगते. दोन-तीन बाळंतपणे झालेल्या पुष्कळजणींना उडी मारताना कपडे ओले होण्याची भीती असते. त्या लाजेने वर्ग सोडतात आणि कारण सांगतात पाहुण्यांचे. बायांनो, हा दोष नव्हे; त्यावरही व्यायाम आहे, डॉक्टरीणबाईंना विचारावे. तोवर उडीच्या जागी पाऊल टाकावे. गुडघे दुखतात तिने खुर्चीवरून ऊठबस करावी. रक्तदाब असेल तिने आधी तपासून घ्यावे. आणि हौसेने पहिल्याच दिवशी तासभर नाचू नये. मी नाचले, आणि तीन दिवस जिना उतरता येईना.

वर्गात मोबाईलने चित्र घेऊ नये, असा ठराव मंडळाने करावा ही माझी विनंती आहे. खिडकीला पडदाही हवा. खिडकीतून काय होते ते मला ठाऊक आहे.

माझी साखर उतरली आहे, गोळी मात्र चालूच आहे. जिला मी हसले होते, तिच्या घरी तीनदा जाऊन आले. पहिल्यांदा तिने चहा दिला पण बोलली नाही. तिसऱ्यांदा तिच्या सासूबाईंनी विचारले, ‘फुगडीबी घेतात का तिथं?’ ती अजून आलेली नाही. सोमवारी पुन्हा जाणार आहे. कोणी सोबत येत असेल तर पाच वाजता माझ्या ओट्यावर यावे.