गोधडीच्या दोऱ्याची टोके
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



भूमिती शिकविणाऱ्या मास्तराने शिवणकामावर बोलावे याचे नवल वाटणे साहजिक आहे. मागच्या रांगेतील मुले हसत आहेत, तेही मला दिसते आहे. परंतु आपल्या वस्तीत शिंपीकामावर संसार चालविणारे पुरुष थोडे नाहीत, आणि कित्येक माताभगिनी घरच्या मशीनवर गोधड्या शिवून मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्च भागवितात. तेव्हा हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

आमच्या एका विद्यार्थ्याच्या आईने शिवलेल्या आठ गोधड्या व्यापाऱ्याने परत पाठविल्या. कापड चांगले, जोडकाम सरळ, रंगसंगती तर पाहत राहावी अशी. त्याने नमुन्यादाखल एक गोधडी धुऊन पाहिली आणि शिलाईची टोके सुटू लागली. महिनाभराची मेहनत दोन-दोन इंच दोऱ्यापायी वाया गेली.

असे का होते? हाताने धावदोरा घालताना दोरा एकच असतो. सुरुवातीला गाठ मारतो, ती आतल्या थरात ओढून घेतो आणि काम होते. मशीनच्या टाक्यात दोरे दोन, एक वरचा आणि दुसरा बॉबिनचा. इलायस हाऊ यांनी १८४६ साली अमेरिकेत ज्या मशीनचे पेटंट घेतले, तिचा टाकाही असाच दोन दोऱ्यांचा होता. हे दोन दोरे कापडाच्या आत एकमेकांत अडकतात, पण त्यांची गाठ बसत नाही. शिलाई मध्ये भक्कम असते, टोकाला मात्र अडविणारे काही नसते. धुण्यात ओढ बसली की एकेक टाका उकलत जातो.

बाळाच्या गोधडीत तर याहून मोठा धोका आहे. सुटा दोरा तान्ह्या मुलाच्या बोटाभोवती गुंडाळला गेला तर रक्त अडते, बोट सुजते, आणि बाळ का रडते हे घरात कोणाला उमगत नाही. म्हणून बाळाच्या गोधडीची दोन्ही अंगे हात फिरवून तपासलीच पाहिजेत.

आता उपाय. पहिला उपाय माझ्या विषयातला आहे: टोके मुळात कमी करावीत. समजा गोधडीत पाच गुणिले सहा, म्हणजे तीस चौकोन आहेत. प्रत्येक चौकोन वेगळा शिवला तर दर चौकोनामागे चार टोके, म्हणजे एकंदर एकशेवीस टोके गोधडीच्या मधोमध लोंबतील. त्याऐवजी या काठापासून त्या काठापर्यंत सरळ रेषा मारल्या, तर चार उभ्या आणि पाच आडव्या अशा नऊ रेषांत तेच तीस चौकोन पडतात. टोके छत्तीस होतात, आणि ती सगळी काठावर येऊन कडेच्या पट्टीखाली शिवली जातात. गाठ मारायला एकही उरत नाही! (फळ्यावर काढून दाखविले तेव्हा मागची रांगही गप्प झाली.)

पण फूल, वेल किंवा वर्तुळ काढायचे तर टोक मध्ये येणारच. तेथे सुरुवात करताना वरच्या दोऱ्याचे टोक डाव्या हाताने धरावे आणि हातचाक फिरवून एकच टाका खाली-वर घ्यावा. वरचा दोरा ओढला की बॉबिनच्या दोऱ्याचा फास वर येतो. तो बाहेर काढून दोन्ही टोके वीतभर लांब ठेवावीत, मगच शिलाई सुरू करावी. असे केले नाही तर अस्तराच्या बाजूला दोऱ्याचे जाळे होते.

शेवटीही वीतभर दोरा ठेवूनच कापावा. मग गोधडी उलटी करून बॉबिनचा दोरा हळूच ओढावा. वरच्या दोऱ्याचा छोटा फास दिसेल, तो सुईने उचलून मागे घ्यावा. दोन्ही दोरे एका बाजूला आले की उजवा डाव्यावर, नंतर डावा उजव्यावर अशी गाठ कापडालगत मारावी. दोन्ही वेळा एकाच बाजूने मारलेली गाठ सरकते, पॉलिएस्टरच्या गुळगुळीत दोऱ्याची तर हमखास. नंतर मोठ्या नेढ्याच्या सुईत दोन्ही टोके ओवावीत. दोरा ज्या छिद्रातून बाहेर आला, त्याच छिद्रात सुई घालून ती फक्त आतल्या कापसातून इंचभर न्यावी आणि बाहेर काढावी. दुसऱ्या अंगाच्या कापडाला ती लागता कामा नये. हलका हिसका दिला की गाठ आत जाते. उरलेला दोरा किंचित ताणून कापडालगत कापला की टोकही आत सरकते. छिद्र मोठे दिसले तर नखाने कापड चोळावे, सूत जागेवर येते.

टोक आखूड राहिले असेल तर? सुई आधी कापडात घालावी, नेढे तेवढे बाहेर ठेवावे, मग दोरा ओवावा. ही युक्ती अनेकांना ठाऊक असते. काही जण मात्र शिलाई उसवत बसतात.

काही जण टोकाला उलटसुलट शिलाई मारून मोकळे होतात. तुकडे जोडताना ते ठीक आहे. गोधडीच्या पृष्ठभागावर मात्र तेथे दोऱ्याचा गठ्ठा होतो आणि एकरंगी कापडावर तो दुरून दिसतो. त्यापेक्षा सुरुवातीला आणि शेवटी पाव इंच अगदी बारीक टाके घ्यावेत. घरच्या वापराच्या छापील गोधडीला तेवढे पुरते. विकण्यासाठी एकरंगी माल असेल किंवा गोधडी बाळाची असेल, तर मी गाठच सांगेन. पॉलिएस्टरचे टोक काडीने जाळण्याची पद्धत मात्र मला पसंत नाही. वितळून कडक मणी होतो आणि तो अंगाला टोचतो.

टोके त्या-त्या वेळीच आत घ्यावीत. सगळी शेवटी करू म्हटले की पुढची शिलाई मागच्या टोकावरून जाते, आणि मग ते ना बांधता येते ना काढता येते. लांब रेष सुरू करण्यापूर्वी बॉबिन भरलेली आहे ना, हेही पाहावे. मध्येच संपली तर शेवटचे पाच-सहा टाके उसवून वरच्या आणि खालच्या दोऱ्याची टोके मोकळी करावीत, ती वर सांगितल्याप्रमाणे बांधून आत घ्यावीत आणि त्याच छिद्रापासून नव्या दोऱ्याने पुढे जावे.