गोदीची आग आणि टोकिओची आग



दुसऱ्या महायुद्धात मुंबईवर शत्रूचा एकही बाँब पडला नाही. तरीही दारूगोळा वस्तीत फुटला म्हणजे काय होते, हे खाडीपलीकडच्या त्या शहराने पाहिले. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटके होती. दुपारी चारनंतर एक स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. पेटत्या गासड्या उडून आसपासच्या वस्तीवर पडल्या. मृतांचा आकडा ८०० पासून १,३०० पर्यंत सांगतात. एवढी तफावत का? गोदीत रोजंदारीवर राबणाऱ्याचे नाव कोणत्या पटावर असते? आग विझवताना अग्निशामक दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस आजही देशभर पाळला जातो.

हा अपघात होता. आता टोकिओकडे पाहू. ९ मार्च १९४५ च्या रात्री अमेरिकन विमानांनी त्या शहरावर सुमारे १,६६५ टन आगलावे बाँब टाकले. दारूगोळ्याची जात निराळी, पण वजन जवळजवळ आपल्या त्या एका जहाजाएवढेच. सकाळपर्यंत सुमारे एक लाख माणसे मेली होती. मुंबईत आग चुकून लागली. टोकिओत लाकडी घरांची, कामकऱ्यांची दाट वस्ती पाहून ती लावण्यात आली. आमच्या मते सारा फरक या एका गोष्टीत आहे.

यामागे एक विचार होता. इटालियन सेनानी दूए याने १९२१ मध्येच तो मांडला होता: शहरे जाळा, लोकांचा धीर सुटेल, सरकार शरण येईल. अनुभव काय सांगतो? १९४०-४१ च्या हल्ल्यांत ब्रिटनचे ४० हजारांहून अधिक नागरिक मारले गेले; ब्रिटन शरण गेले नाही. जर्मनीची शहरे बेचिराख झाली. लोक खचले, पण कामावर जात राहिले, असे युद्धानंतर अमेरिकनांच्याच पाहणीत आढळले. कोणी म्हणेल, हिरोशिमानंतर जपान शरण गेलेच ना? त्याच आठवड्यात रशियाही जपानविरुद्ध युद्धात उतरला होता, आणि कशाचा परिणाम अधिक झाला यावर इतिहासकारांचे आजही एकमत नाही. पण घटकाभर धरून चालू की बाँबनेच काम झाले. म्हणून पाळण्यातले मूल शत्रू ठरते काय?

१९७७ च्या जिनिव्हा करारपत्राने सबंध शहराला एकच लक्ष्य मानून बाँबफेक करण्यास मनाई केली. अमेरिका आणि आपला देश अद्याप त्यात सामील झालेले नाहीत.

हे सर्व पनवेलकरांना दूरचे वाटू नये. आपल्या एका अंगाला न्हावा-शेवा बंदर आहे, दुसऱ्या अंगाला नवा विमानतळ, आणि मध्ये आपली घरे. ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची तालीम झाली, तेव्हा महाराष्ट्रातील ठिकाणांच्या यादीत आपल्या शेजारचे उरणही होते. उद्या नकाशावर बोट ठेवणाऱ्याने बंदर आणि बिऱ्हाड यांत भेद करावा, अशी आपली अपेक्षा असणार. मग कोणत्याही देशाचे, शत्रूचेही शहर जळाल्याची बातमी आली, तर टाळी वाजवण्यापूर्वी तोच भेद आपण करावा, एवढे मागणे मागून आम्ही आपली रजा घेतो.