गोळीचा वायू भिंतीला अडत नाही

(जांब समर्थ, ता. घनसावंगी, जि. जालना येथील शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



मेळावा सुरू होण्यापूर्वी एका काकांनी मला विचारले, "सर, धान्यात गोळ्या टाकून आम्ही शेजारच्या खोलीत निजलो तर चालेल ना? मधे भिंत आहे." दुसरे म्हणाले, "हा वायू जड असतो, खाली बसतो. आम्ही माडीवर निजतो." उत्तर आधीच सांगतो. दोन्ही चालणार नाही. का, ते आता पाहू.

रामनवमीच्या उत्सवात आपण मुलांना फुगे घेतो. तोंडाने फुगवलेला फुगा दुसऱ्या दिवशीही बऱ्यापैकी टिकतो. हलक्या वायूचा, वर उडणारा फुगा मात्र सकाळी मलूल होऊन पडलेला असतो. गाठ दोन्हींची सारखीच, फरक आतल्या वायूचा.

वायूचे रेणू सतत धावत असतात. तापमान सारखे असेल तर हलका रेणू जोरात धावतो, जड रेणू हळू. थॉमस ग्रॅहम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८३३ मध्ये याचा नियम मांडला. त्याचा अर्थ असा, की रेणू चौपट जड असेल तर वेग निम्मा होतो. हायड्रोजनचा रेणुभार २, हवेचा सरासरी २९. म्हणून बारीक छिद्रातून हायड्रोजन हवेच्या जवळजवळ पावणेचार पट वेगाने निसटतो.

आता आपल्या गोळीकडे येऊ. ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी हवेतील ओलाव्याने फॉस्फिन हा विषारी वायू सोडते. त्याचा रेणुभार ३४, म्हणजे हवेच्या अगदी जवळ. हिशेब केला तर तो हवेपेक्षा जेमतेम ८ टक्के हळू निसटतो. ज्या फटीतून वारा येतो, त्या फटीतून फॉस्फिनही येतो. दाराखालची फट, भिंतीची भेग, माळवदाची सांद, सगळीकडून. तो हवेपेक्षा किंचित जड आहे खरा, पण एकदा हवेत मिसळला की वेगळा होऊन तळाशी बसत नाही. माडीही सुरक्षित नाही.

त्याचे रेणू सेकंदाला सुमारे ४६५ मीटर वेगाने धावतात. तरी वायू क्षणात पोहोचत नाही, कारण यात्रेतल्या गर्दीसारखे ते पदोपदी हवेच्या रेणूंवर आदळतात. पण रात्र मोठी असते.

किती गोळ्या घातक? ३ ग्रॅमची एक गोळी १ ग्रॅम फॉस्फिन सोडते. १० फूट लांब, रुंद व उंच बंद खोलीत त्याचे प्रमाण हवेच्या दहा लाख भागांत सुमारे २५ भाग होते. ५० भाग म्हणजे जिवाला तत्काळ धोका. म्हणजे अशा खोलीला दोन गोळ्या पुरतात!

म्हणून पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

१) राहत्या घरात ही गोळी आणू नये. कायद्यानेही ती फक्त शासकीय संस्था व कीडनियंत्रण व्यावसायिकांसाठी, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वापरायची आहे.

२) लसणासारखा वास आला तरच धोका, असे समजू नये. वास न येताही विषबाधा होते.

३) उलटी, चक्कर, छातीत दडपण, दम लागणे असे काही जाणवल्यास सर्वांनी ताबडतोब मोकळ्या हवेत यावे व दवाखाना गाठावा. गोळीचे नाव डॉक्टरांना सांगावे. या विषावर उतारा नाही, त्यामुळे वेळ दवडू नये.

४) धान्य कडक उन्हात वाळवून ओलावा १० टक्क्यांपर्यंत आणावा व गार झाल्यावर हवाबंद पिशवीत भरावे. आतील किडे प्राणवायू संपवून आपोआप गुदमरतात. मात्र इथेही ग्रॅहमचा नियम आहेच. उंदराने एक छिद्र पाडले, की बाहेरचा प्राणवायू आत शिरतो आणि किडे पुन्हा जगतात. पिशव्या उंचावर, भिंतीपासून दूर ठेवाव्यात.

चार पायली हरभरा किडला तर पुढच्या हंगामात भरून निघेल. घरचे माणूस भरून निघत नाही. आज घरी गेल्यावर फडताळात जुनी गोळ्यांची डबी आहे का, तेवढे पाहा. असल्यास ती उघडू नका, पाणी लागू देऊ नका, मुलांपासून दूर ठेवा आणि सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना कळवा.