प्रत्येक खाज मूळव्याधीची नसते

'अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर' ही म्हण आपल्याकडे उगाच पडलेली नाही. शौचाच्या जागी खाज सुटो, आग होवो की रक्त पडो, आपण त्याला एकच नाव देतो, मूळव्याध. एकदा नाव ठरलं की उपचारही घरातच ठरतो. कुणी सुरण खायला सांगतं, कुणी ताक, कुणी औषधाच्या दुकानातून मलमाची ट्यूब आणून देतं. सुरणाला आयुर्वेदात 'अर्शोघ्न', म्हणजे मूळव्याधीचा नाश करणारा, असं नावच आहे. त्यातल्या चोथ्यानं पोट साफ राहत असेल तर खुशाल खावा. माझी तक्रार त्या ट्यूबबद्दल आहे. तिच्याकडे येतोच.

गुदमार्गाच्या अस्तराखाली रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या असतात. तुम्हाला, मला, सगळ्यांनाच असतात. वायू आणि पातळ मळ रोखून धरायला त्यांची मदत होते. जुनं बद्धकोष्ठ, कुंथण्याची सवय, गरोदरपण, आणि हल्ली मोबाईल घेऊन संडासात अर्धा-अर्धा तास बसणं, यांमुळे त्या फुगतात आणि खाली सरकतात. त्यांनाच आपण मोड म्हणतो. आतल्या मोडांचं मुख्य लक्षण म्हणजे न दुखता पडणारं लालभडक रक्त. मूळव्याधीत खाजही येते. पण रक्त नाही, मोड हाताला लागत नाही, नुसतीच खाज आहे, अशा वेळी दुसरं काही आहे का हे पाहावंच लागतं. लहान मूल रात्री झोपेत खाजवत असेल तर बहुधा जंत असतात. मोठ्या माणसांत इसब असतं, चीर असते, आणि बऱ्याचदा बुरशी असते.

या बुरशीचं नाव कॅन्डिडा. ती यीस्टच्या जातीची. अनेक निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात, स्त्रियांच्या योनिमार्गात ती मुकाट्यानं राहत असते. ऊब, ओल आणि साखर मिळाली, किंवा अँटिबायोटिकमुळे तिच्या शेजारचे उपयोगी जंतू मेले, की ती माजते.

मला नेहमी विचारलं जातं, ''डॉक्टर, बुरशीमुळे मूळव्याध होते का?'' नाही होत. उलटा रस्ता मात्र आहे. मोड बाहेर येऊ लागले की त्यांच्यासोबत चिकट स्राव झिरपतो, जागा नीट स्वच्छ होत नाही, कातडी दिवसभर ओली राहते. पावसाळ्यात चिखलात उभं राहून पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात ना, तसाच हा प्रकार. भिजून मऊ पडलेल्या कातडीत बुरशीला आयतं घर मिळतं. म्हणजे माणसाला मूळव्याध खरीच असते, पण त्याची झोप उडवते ती बुरशी.

आता ती ट्यूब. या जागेसाठी विकल्या जाणाऱ्या बऱ्याच मलमांत बधिर करणारं औषध आणि स्टेरॉइड असतं. लावल्यावर दोन दिवसांत खाज थांबते. आतली बुरशी मात्र मरत नाही, उलट स्टेरॉइडमुळे तिथली प्रतिकारशक्ती दबते आणि ती निवांत पसरते. मलम बंद केलं की खाज दुपटीनं येते, म्हणून पुन्हा तेच मलम. महिनोन्‌महिने हे चालतं आणि कातडी पातळ होऊन बसते.

पन्नाशीतल्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. दीड वर्ष 'मूळव्याधी'वर मलमं लावत होत्या. तपासलं तर मोड नावापुरते. पण पुढून मागपर्यंत कातडी लालबुंद, आणि त्या चट्ट्याच्या कडेला बेटांसारख्या बारीक पुटकुळ्या. ही बेटं दिसली की बुरशीचा संशय घ्यायचा. विचारलं, ''अंगावरून पांढरं जातं का?'' त्या म्हणाल्या, ''जातं. पण ते आणि हे एकच आहे का?'' त्यांच्यापुरतं एकच होतं. खरवडून घेतलेला नमुना पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, बुरशी दिसली. रक्तातली साखर 340 निघाली. आपल्याला मधुमेह आहे हे त्यांना तोवर ठाऊकच नव्हतं. साखर ताब्यात आणली, बुरशीवरचं साधं क्लोट्रिमाझोल दिलं. तीन आठवड्यांत खाज गेली. मोडांना मी हातही लावला नाही.

म्हणून अशी खाज वारंवार होत असेल तर साखर तपासून घ्या. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या, उदाहरणार्थ डॅपाग्लिफ्लोझिन, साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्यांच्यामुळेही जननेंद्रियांच्या भागात ही बुरशी होऊ शकते. गोळी मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

बुरशीचं मलम साधारण दोन ते चार आठवडे लावावं लागतं. चार दिवसांत बरं वाटलं म्हणून ते सोडून देणारेच पुन्हा येतात. साबण आणि जंतुनाशक द्रवानं घासघासून धुणं थांबवा. साधं पाणी पुरतं, मात्र नंतर मऊ कापडानं टिपून जागा कोरडी करायला हवी. आपण धुतो नीट, टिपत नाही. सुती, सैल कपडे घाला. मोडांवरही उपाय हवेतच, नाहीतर ओल तशीच राहील : चोथ्याचं अन्न, भरपूर पाणी, कुंथणं बंद, आणि गरज पडली तर मोडाला रबरबँड लावण्याची छोटी प्रक्रिया. इडली-ढोकळा-पाव बंद करू का, असंही लोक विचारतात. पावातलं यीस्ट वेगळं, हे वेगळं. इडली खा.

एका बाबतीत मात्र चालढकल नको. शौचावाटे रक्त पडत असेल, विशेषतः चाळिशी-पंचेचाळिशीनंतर, त्यातही शौचाची सवय बदलली असेल, वजन उतरत असेल किंवा रक्त कमी झालं असेल, तर ती मूळव्याधच आहे असं धरून चालू नका. मोठ्या आतड्याचा कर्करोगही अशाच रक्तानं सुरू होऊ शकतो. बोटानं आणि दुर्बिणीनं तपासणी करून घ्यायलाच हवी. बोटाच्या तपासणीला दोन मिनिटंही लागत नाहीत. बायकांना संकोच वाटत असेल तर स्त्री-डॉक्टर मागावी, तो त्यांचा हक्क आहे.

आणि डॉक्टरकडे जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या. बुरशीचं मलम चालू असेल तर ते कधीपर्यंत लावलं हे आवर्जून सांगा, कारण त्यानंतर घेतलेल्या नमुन्यात बुरशी सापडणं अवघड जातं.