थंडीची टोपी आणि रात्रीचे ओलीत



चैत्राच्या उकाड्यात थंडीच्या टोपीवर बोलायला उभा राहिलेला वक्ता पाहून कित्येकांना हसू आले असेल. परंतु तहान लागल्यावर विहीर खणू नये, तसे पौष उजाडल्यावर टोपी बेतायला बसू नये. आज हात थोडे मोकळे आहेत, म्हणून विषयही आजच काढला.

आपल्या या साखरखेर्ड्याच्या शिवारात १७२४ साली निजामुल्मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला आणि हैदराबादच्या राज्याचा पाया पक्का झाला. त्या लढाईत राज्याची पगडी कोणाच्या डोक्यावर चढली, हे इतिहासाने लिहून ठेवले. याच शिवारात थंडीच्या रात्री गव्हाला पाणी देणाऱ्या गड्याच्या डोक्यावर काय असते, हे मात्र कोणी लिहिले नाही.

बहुधा सुती दुपट्टा असतो. शेतीची वीज पाळीपाळीने रात्री येते. पारा कधी कधी दहा अंशांच्या खाली उतरतो, पाय चिखलात असतात आणि दवाने दुपट्टा भिजतो. ओले सूत अंगातली ऊब ओढून घेते. कान झाकावेत म्हणून दुपट्टा करकचून बांधला, तर मोटार बंद पडलेली कळत नाही, बांधावरची सळसळही कळत नाही. कान गार ठेवावेत की बहिरे, एवढाच पर्याय त्याच्यापुढे उरतो.

अंगातली निम्मी ऊब डोक्यावाटे जाते, असे म्हणतात. ते खरे नव्हे. डोके अंगाच्या सुमारे एक-दशांश. ऊबही साधारण तेवढीच जाते. पण कान पातळ आणि उघडे, म्हणून थंडी आधी त्यांना धरते.

बर्फाच्या देशांतील लोक केसांसकट कातड्याची टोपी घरी शिवतात. ते कातडे कात्रीने कापीत नाहीत, कारण कात्रीने केसही कापले जातात. उलट्या बाजूने धारदार पात्याने नुसते चामडे चिरतात, कडेला कड भिडवतात आणि केस आत सारीत टाके घालतात. यातले मर्म एकच आहे. ऊब केसांत नसते. केसांत अडकून स्थिर राहिलेल्या हवेत असते.

तीच हवा आपल्या धनगराच्या घोंगडीतही अडकते. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक-तृतीयांश ओल पोटात घेऊनही चटकन ओली लागत नाही. म्हणून फाटकी घोंगडी फेकू नका. तिच्या चांगल्या भागातून चार कळ्या कापा. डोक्याचा घेर बावीस इंच असेल तर चोवीस धरा. प्रत्येक कळी तळाशी शिलाईसकट सात इंच, उंची आठ इंच, वर निमुळती. कापलेली कड उसवते, म्हणून आधी प्रत्येक कळीला कडेने गुंडाळटाका घाला. मग दाभणाने, मेण लावलेल्या दोऱ्याने, कळ्या जोडा. शिलाईचा उंचवटा बाहेर ठेवा, आत जुन्या लुगड्याचे मऊ अस्तर लावा. कानांवर दोन झडपा जोडा आणि त्यांना बंद शिवा. मोटारीकडची झडप वर बांधता आली पाहिजे, म्हणजे एक कान उबेत आणि एक कान कामावर राहतो.

आमची पहिली टोपी आम्ही डोक्याच्या नेमक्या मापाने कापली होती. घोंगडीची जाडी धरायचीच विसरलो. ती शेवटी शेजारच्या पोराच्या डोक्यावर बसली!

बाळाची कुंची शिवणाऱ्या प्रत्येक घरात ही विद्या आहेच. पण बायकांनी शिवावे आणि पुरुषांनी घालावे, असा आमचा मतलब नाही. पोत्यांची तोंडे शिवणारा हमाल दाभण उत्तम चालवतो. त्यालाही ही टोपी जमेल.

आता मुद्द्याचे बोलतो. टोपी घरी शिवता येते, म्हणून मालकाची जबाबदारी संपते काय? ओलिताच्या गड्याला फावडे मालक देतो, बॅटरी मालक देतो. टोपी हेही त्या कामाचेच अवजार आहे. ती दिवाळीची बक्षिसी नव्हे. आणि जो लहान शेतकरी स्वतःच मालक व स्वतःच गडी आहे, त्याने कोणाकडे मागावे? त्याने दिवसाची वीज मागावी. त्यासाठी २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली, २०२३ साली तिचा दुसरा टप्पा आला. जेथे ती वीज पोहोचली तेथे गडी रात्री घरी निजतो. जेथे पोहोचली नाही तेथे अर्ज करावा, पाठपुरावा करावा आणि तो एकट्याने न करता गावाने मिळून करावा.

आम्ही संघटनेत एक गोष्ट वारंवार पाहिली. माणूस आपली अडचण आपणच भागवू लागला, की ती अडचण होती हेच वरचे लोक विसरतात. म्हणून बांधवांनो, टोपी जरूर शिवा, पण तिच्या उबेत आपल्या मागणीला झोप लागू देऊ नका.