पिंजऱ्यातली कोंबडी आणि आपली करुणा



आपण पंचशील घेतो आणि रविवारी अंडी-कोंबडीही आणतो. कुणी काय खावं हे आम्ही सांगणार नाही. ताटावरून विटाळ मानणाऱ्यांचा जाच आपल्या आज्या-पणज्यांनी पुष्कळ सोसला आहे. पण बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत भेद केला आहे. त्या कसोटीवर अंड्यांची पोल्ट्री लावून पाहू.

तारेच्या पिंजऱ्यात एकेका कोंबडीला टाईपाच्या कागदाएवढीही जागा नसते. पंख पसरता येत नाहीत. एकमेकींना टोचू नये म्हणून लहानपणीच तापल्या पात्यानं चोच कापतात. नर पिल्लू अंडी देत नाही, अंगानंही भरत नाही. मग हॅचरीत पहिल्याच दिवशी त्याला मारून टाकतात. ही गरज कुणाच्या पोटाची? आम्हांस तरी ती नफ्याचीच दिसते.

युरोपीय संघानं असे पिंजरे २०१२ पासून बंद केले, जर्मनीनं २०२२ पासून पिल्लं मारणंही. आपल्या विधी आयोगानं २०१७ साली या कोंबड्यांवर अहवाल दिला, पिंजरे आहेतच.

मोकळ्या कोंबडीचं अंडं महाग पडतं, खरं आहे. आठवड्याला दोन कमी आणू, पण गावरान आणू. महिला मंडळानं एकत्र मागवायचं मनावर घ्यावं.